उधाणाला मी हवाच

२३ जुलै, बुधवार. दुपारी ३
कॅज्युअल्टीतून घरी. सकाळी साडेदहाला बांधावर छातीत कळ, दरदरून घाम. सून अमिषाने रिक्षात कोंबून तालुक्याच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर रुचिका. माझ्या पुतणीच्या वयाची. ईसीजी काढला, रक्त घेतलं. सहा तासांनी परत घेणार म्हणे. पहिल्याचं काय केलंत, विचारलं. तिला आवडलं नाही.

अ‍ॅडमिट व्हा म्हणाली. उद्या अमावस्या, उधाण! भरतीला बांधाच्या उघाडीचं, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीचं, दार लागलं नाही तर खाडीचं खारं पाणी शेतात, आणि गावाची लावणी खलास. बावीस वर्षं ते दार माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी पंचायतीने आपोआप लागणारी झडप बसवली खरी, पण लोखंडाला काय कळतं? 'स्वतःच्या जबाबदारीवर जात आहे' असं लिहून दिलं. सही झोकदार आली.

२३ जुलै. संध्याकाळी ६
कळीचा उलगडा झाला. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. आज चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. कळही साडेदहाला! म्हणजे दुखणं भरतीचं आहे. चतुर्थीपर्यंत आपोआप ओसरेल. यात डॉक्टर काय करणार? बायकोला समजावलं. सगुणा म्हणाली, "तुमी खाडी हाव का मानूस?"

तिचं गणित पहिल्यापासून कच्चं.

२४ जुलै, गुरुवार. दुपारी १
सव्वाअकराला भरती. झडपेजवळ उभा राहिलो. लागली. कळ नाही. शेजारचा प्रज्योत जाताना म्हणाला, "काका, घरी जावा, लागतंय ते." हल्लीच्या पोरांना जबाबदारी म्हणजे काय ते ठाऊक नाही.

२४ जुलै. संध्याकाळी ७
ऐन ओहोटीला कळ. अर्धा तास. नियमाला धरून नाही. बहुधा वाटाण्याची उसळ. अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली. उद्यापासून वाटाणे बंद.

२५ जुलै, शुक्रवार. सकाळी ११
परत कॅज्युअल्टी. कळ परत ओहोटीलाच आली. रुचिका म्हणाली, हे हार्टचं आहे, थांबा. आज गेलात तर पुढच्या वेळी चालत येणार नाही. ही काय बोलायची पद्धत?

आमचे बाबा हॉस्पिटलच्या याच दारातून चालत आत आले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना उचलून नेलं. त्याचा इथे काही संबंध नाही.

पावणेएकला भरती आहे. पुन्हा लिहून दिलं. सही जरा वाकडी आली. पेन खराब.

२५ जुलै. संध्याकाळी ५
गेटपर्यंत पोचलो होतो. रिक्षा दिसेना म्हणून जरा खाली बसलो. बसलो म्हणजे, वॉचमन दयारामच्या म्हणण्याप्रमाणे, पडलो. त्याने स्ट्रेचर आणलं. नको म्हणणार होतो, आवाज फुटला नाही. वॉर्डात आहे.

२६ जुलै, शनिवार. संध्याकाळी ७
दीडला सगळ्यात मोठं उधाण होतं. सगुणा चारला डबा घेऊन आली. आधी विचारलं, दार कोणी लावलं? म्हणाली, "कोनी न्हाय. पानी आलं, झडप लागली, पानी गेलं." लावणी शाबूत.

मग भात कालवून देता देता म्हणाली, "दोन वरसं तुमचं तिथं कायच काम न्हाय. सगल्या गावाला ठाव हाय. तुमाला वाईट वाटंल म्हनून कोनी बोललं न्हाय. आनि सकालचे तुमी घरात पायात येत न्हवता, मलापन बरं पडायचं."

डब्याला झाकण लावलं.

मघाशी रुचिका राउंडला आली. आज जाणार का, विचारलं. पुष्कळ आठवून पाहिलं, पण जायला कारण सापडेना. शेवटी म्हटलं, राहतो. आणि का कोण जाणे, हेही बोलून गेलो की इथे राहायची मला फार भीती वाटते.

ती म्हणाली, "काका, हे बुधवारीच सांगायचं."