कडब्याखालच्या तीन तोफा

फोन बंदच ठेवायचा होता तर एवढा महागाचा घेतलास कशाला? येळवस झाल्यापासून नंबर लावून लावून माझं बोट झिजलं. आतून एक बाई इंग्रजीत बोलती, मी तिला मराठीत शिव्या देते, ती गुमान ऐकून घेती आन् परत तेच बोलती. शेवटी म्हनलं, कागदाला बटन नसतं. हे पत्र निलंग्याच्या एसटीच्या कंडक्टरकडं दिलंय. अक्षर वाकडं हाय पन माझं हाय, सरळ करून वाच.

तर चिरंजीव मंजुश्रीला आजी दानम्माचा पोटभर आशीर्वाद. इकडं समदे खुशाल. माझा गुडघा दुखतो, पन तो तुझ्या जन्माआधीपासून दुखतो, त्याची चौकशी नको. वीरण्णामामाची शुगर कशी हाय? (गोळी खाऊन वर पेढा खातो का अजून?) त्याचाच लातुरास्नं निरोप आला. पोरगी बेंगळुरूची नोकरी सोडून आली, आता माझ्या क्लासात फिजिक्स शिकविनार, राजीनामा लिवून झाला, धाडायचा बाकी हाय म्हनं. धाडू नको. लातुरात क्लासवाले गल्लीत दहा हायत, एका खोलीत पोरं कडब्यागत रचून ठेवतात. तिथं अजून एक मास्तरीन नसली तर काय अडनार न्हाई.

तुझा सायेब तुला फोनवर काय काय बोलला ते कळलं मला. आता खरं काय झालं ते मी सांगते, कारन मी खाली रानात हुते आन् तुम्ही समदे वर बघत हुता. तुमच्या कंपनीचं ते उपग्रह का काय, चपलाच्या खोक्याएवढं डबडं आभाळात फिरतंय. स्वस्तातलं हाय, पन शत्रूनं तोफा कुठं लावल्या त्याचे वरून फोटो काढून फौजेला सांगनार. त्याची परीक्षा घ्यायला तूच माझ्या पडीक रानात लाकडाच्या तीन खोट्या तोफा हुब्या करून गेलीस. डबड्यानं त्या तीन हुडकायच्या, मग कंपनीला फौजेचं काम मिळनार. समदं झ्याक. पन दिवस कोनता धरलास? येळवस! लातूर, निलंगा, चाकूर, समदी माणसं घराला कुलूप लावून रानात जेवायला जातात तो दिवस! तोफा सापडल्या न्हाईत हा गुन्हाच न्हाई. माझी नात येळवस विसरली, हा गुन्हा. (बेंगळुरूत अमावस्या होत न्हाई का?)

आता रानात लक्षुमी मांडायची तर कडब्याचा कोप, खोपटं पाहिजे. आयता सांगाडा हुबा असताना नवा कोन बांधतंय? तिन्ही तोफांना मी पेंढ्या लावल्या, वरून शाली घातल्या. एकीत लक्षुमी आन् पांडवांचे पाच दगड बसविले, दुसरीत आंबिलीनं भरलेला बिंदगा, तिसरीच्या सावलीत शेजारची जोहराबी आन् तिच्या सुना. जोहराबी म्हनली, दानम्मा, ये तोप तो बडी कामकी निकली. तेवढ्यात वरून तुमचं डबडं गेलं. त्यानं काय बघितलं? गावं रिकामी, रस्त्यावर कुत्रं न्हाई, आन् रानारानात शाल पांघरून बसलेलं कायतरी, बाजूला धूर. मशिनीनं जिल्हाभर शेकड्यानं तोफा मोजल्या. त्यात माझ्या तीन कुठल्या, ते मातर तिला कळंना!

परवा तुझा सायेब स्वतःच आला, संगं फौजेचा कर्नल. सायेब कन्नड निघाला, बरं झालं. मी म्हनलं, ऊट माडरी, जेवा. उरलेली आंबील दिली. कर्नल कोपाला पाठ टेकून बसला आन् विचारतो, आजी, तोफा कुठायत? मी म्हनलं, मग पाठ कशावर टेकलीय? त्यानं पेंढी सारली, नळी बघितली आन् असा हसला की आंबील नाकातून आली. सायेब लागला सांगायला, हे झाकायचं आम्हीच मुद्दाम ठरविलं हुतं. मी म्हनलं, अप्पा, देवाच्या दारात खोटं बोलू नका. कर्नल म्हनला, शत्रूबी असंच झाकनार, तवा तुमच्या मशिनीला आधी कडबा शिकवा. मग सायेब हळूच मला विचारतो, मंजुश्री कुठाय, फोन लागत न्हाई.

बघ बाई, भूकंपात आमच्यावरबी हेलिकॉप्टर फिरलं हुतं. वरून समदी माती सारखीच दिसती. तुझ्या आज्याला मी खोकल्यावरून हुडकला, आन् भाईर निघून त्यानं आधी बिडी मागितली. मातीत काय हाय ते खालच्याला ठावं. तुमच्या कंपनीत कडब्याचा कोप कसा असतो ते ठावं असलेलं एकच माणूस हाय, आन् ते मामाच्या वसरीत बसून मुसमुसतंय. नाक पूस. राजीनामा चुलीत घाल.

तुझी आजी,
दानम्मा

ता. क. सायेब तोफा परत न्यायला गाडी धाडतो म्हनला. दोन ने म्हनावं. तिसरीत कोंबडी अंड्यावर बसलीय.

ता. क. दुसरा. खरं काम राहिलंच. चुलत दीर गुरुपादप्पा गावभर सांगत फिरतो, येळवशीला त्याचाच कोप समद्यात मोठा हुता. डबड्याच्या फोटोत त्याचा मोठा दिसतो का माझा, हे मला लेखी पाहिजे. तू लिवू नको, तू माझ्या बाजूनं खोटं लिवशील. फोटो सायबाकडं हाय, तवा हे पत्र तू स्वतः बेंगळुरूला जाऊन त्याच्या हातात दे, आन् उत्तर त्यानंच लिवावं. कन्नडात चालंल.