अण्णांची खुर्ची चाळीस ठिकाणी

३ मार्च, सोमवार. सकाळी.

आजपासून रोजनिशी. मोठं काम हातात घेतलं की नोंद ठेवावी. नंतर लोक विचारतात, सुरुवात कशी झाली म्हणून.

परिस्थिती अशी. बायको वेताच्या खुर्च्या विणते. फाटलेली सीट काढायची, वेत भिजवायचा, नवी वीण घालायची. कला तिच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची. अण्णा गेले, हात हिच्याकडे राहिला. कोपऱ्यावर भाड्याची खोली आहे, तिथे तिचं काम चालतं. गिऱ्हाईक रोडावलंय. महिनाअखेरपर्यंत मोठं काम मिळालं तर खोली ठेवायची, नाहीतर सोडायची, असं तिने मला भाजी निवडता निवडता सांगितलं.

आणि मोठं काम दारात उभं आहे. वाचनालयाच्या दीडशे खुर्च्या. ग्रंथपाल बाई परवा स्वतः येऊन गेल्या. आपल्या वेबसाइटवरचा ‘अण्णांची खुर्ची’ हा लेख वाचून आल्या होत्या. म्हणाल्या, समितीला साइट दाखवते, मग ठरेल.

वेबसाइट मी केली आहे. लेख तेवढे तिचे.

४ मार्च, मंगळवार.

गोदामाच्या नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा सगळे म्हणाले, आता करणार काय. आज उत्तर सापडलं. आर्टिकल मार्केटिंग.

साधं आहे. आपल्या साइटवरचा लेख घ्यायचा, थोडा फिरवायचा, फुकट लेख छापणाऱ्या साइट्सवर टाकायचा. खाली लेखकाची चौकट येते, तिच्यात आपल्या साइटची लिंक. ही बॅकलिंक. जितक्या जास्त साइट्स आपल्याकडे बोट दाखवतील तितके आपण सर्चमध्ये वर. समिती सर्च करणार आणि पहिल्या पानावर आपण. काम खिशात.

लेकीला फोन करून सांगितलं. म्हणाली, हे सगळं फार जुनं झालं, आता कोणी करत नाही. म्हटलं, म्हणूनच स्पर्धा नाही.

संकल्प: उद्यापासून सहाला उठणे. रोज पाच लेख.

६ मार्च, गुरुवार.

काल उठायला साडेआठ झाले. दोष खुर्चीचा. माझ्या खुर्चीची सीट मध्ये खचली आहे, बसलं की कंबर धरते, मग झोप नीट लागत नाही. वेत विणणाऱ्या बाईच्या घरात नवऱ्याच्या खुर्चीला भोक. बायको म्हणाली, वाचनालयाचं होऊ दे, मग तुमची.

आज एक लेख फिरवला. ‘अण्णांची खुर्ची’पासूनच सुरुवात, तोच सगळ्यात चालतो. तसा लांबट आहे. अण्णा खुर्ची विणून झाली की आधी स्वतः बसायचे, डोळे मिटायचे, जरा हलायचे. करकर ऐकू आली की सगळं उसवायचे. गिऱ्हाईकाच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे, असं म्हणायचे. एवढंच आहे, पण तिने दोन पानं केलीत. मी एक केलं.

शब्द बदलणारं एक फुकट सॉफ्टवेअर मिळालं. ‘खुर्चीचे पाय’चं ‘आसनाचे चरण’ केलं त्याने. भारदस्त वाटतं. ठेवलं.

९ मार्च, रविवार.

अडचण. एका लेखकाला एका साइटवर एकच लेख. शिवाय एकच नाव सगळीकडे दिसलं तर संशय येतो म्हणे. म्हणून टोपणनावं घेतली. पहिली दोन सुचली, मग डोकं चालेना. गोदामातल्या हिशेबनीसाच्या नावाने एक टाकला, माझ्या शाळेतल्या हेडमास्तरांच्या नावाने एक. ज्या शेजाऱ्याशी मी गेली तीन वर्षं बोलत नाही त्याच्या नावाने तीन. त्याला काय कळतंय.

‘माझे अण्णा’ हे शब्द तसेच ठेवले. जिव्हाळा वाटतो.

बायकोला सांगितलेलं नाही. काम झाल्यावर एकदम सांगायचं.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी.

चाळीस झाले. सगळे मिळून एकच लेख, पण चाळीस तर झाले. बोटं दुखतायत.

आज आणखी एक युक्ती वाचली. सर्चला ताजा मजकूर आवडतो. आपल्या साइटवर तिच्या लेखांखाली चार-चार वर्षांपूर्वीच्या तारखा. सगळ्या बदलून आजची टाकली. दोन मिनिटांचं काम. चार वर्षांत तिला सुचलं नाही.

१७ मार्च, सोमवार.

साइटवर येणाऱ्यांचा आकडा दुप्पट. संध्याकाळी लक्षात आलं की तो मीच आहे, दर थोड्या वेळाने आकडा बघायला जातो. तरी सुरुवात झाली म्हणायची.

बायकोने विचारलं, दिवसभर काय टकटक चालते. म्हटलं, तुझ्याचसाठी. म्हणाली, माझ्यासाठी काही करायचंच असेल तर पाणी भरून ठेवा, वेत भिजवायचाय. विसरलो.

१९ मार्च, बुधवार.

‘वेताची खुर्ची दुरुस्ती’ असं सर्च केलं. पहिल्या पानावर दहाच्या दहा लेख आपले. हेडमास्तर पहिले, शेजारी तिसरा. आपली साइट तेवढी दिसली नाही. दुसऱ्या पानावर नाही, पाचव्यावर नाही. मग बघायचं सोडलं.

तत्त्वतः हे यशच आहे. सर्चला ह्या लेखाची किंमत कळली. कोणाचा आहे एवढंच कळायचं बाकी आहे.

२० मार्च, गुरुवार.

मेहुण्याचा फोन. तापलेला. दाजी, कुठल्यातरी भामट्याने आपले अण्णा स्वतःचे म्हणून छापलेत, म्हणाला. एकाने नाही, ढीगभर लोकांनी. वर एका ठिकाणी अण्णा आसनाचे चरण धुतात. आणि खाली लिहितात काय, स्वानुभवातून. मी म्हटलं, दिवस फार वाईट आलेत, बघतो मी. ताईला सांगू नको, उगाच मनाला लावून घेईल.

दिलेल्या शब्दाला जागलो. साइटवर नक्कल पकडणारं एक प्लगइन बसवलं. दुसरीकडे छापलेला मजकूर आता आपल्या साइटवर कोणाला टाकताच येणार नाही. संरक्षण हवंच.

२२ मार्च, शनिवार.

ग्रंथपाल बाई खोलीवर आल्या. मी डबा द्यायला गेलो होतो, म्हणून तिथेच.

समितीने सर्च केलं होतं. लेख चाळीस ठिकाणी आहे, म्हणाल्या, आणि सगळ्यांचे वडील एकच. सगळ्यात अलीकडची तारीख तुमच्या साइटवर, तेरा मार्च. मी आधी वाचला होता, पण समितीने तारीखच धरली, म्हणजे तुम्ही बाकीच्यांचा उचलला. आमचं वाचनालय आहे, उचललेलं लिखाण आम्ही कसं चालवून घेऊ. समितीने काम दुसरीकडे दिलं.

बायकोच्या हातात ओला वेत होता. पाणी जमिनीवर ठिबकत होतं. म्हणाली, अण्णा माझेच होते. बाई हळू आवाजात म्हणाल्या, सगळ्यांनीच तसं लिहिलंय हो.

मी मध्ये बोलणार होतो. पण त्या वेळी तांत्रिक तपशील सांगणं योग्य वाटलं नाही.

घरी आल्यावर तिने विचारलं. कोंबडं किती झाकणार. सांगितलं. चोरी नाही, पुनर्वापर आहे, हे नीट समजावून दिलं. टोपणनावांची पद्धतही सांगितली. ती ऐकत होती. मग म्हणाली, माझा एकच बाप होता, तो तुम्ही चाळीस जणांत वाटून टाकलात.

जेवली नाही. मीही कमीच जेवलो.

२४ मार्च, सोमवार.

वाचनालयात गेलो. बाईंना सगळी पद्धत पहिल्यापासून सांगितली, बॅकलिंक, चौकट, ताजा मजकूर. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, म्हणजे तुम्हीच केलंत? म्हटलं, पद्धतीच्या दृष्टीने, हो. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, तुमच्या बायकोचं मला खरंच वाईट वाटतं, तिला सांगा मी चुकले. काम मात्र परत येणार नाही, ज्याला दिलं त्याने खुर्च्या नेल्यासुद्धा.

घरी येऊन सांगितलं की बाई चुकले म्हणाल्या. तिने विचारलं, आणि खुर्च्या? मी म्हटलं, त्या मनापासून चुकले म्हणाल्या.

२५ मार्च, मंगळवार.

आता दुरुस्ती. चाळीस साइट्सना मेल केली, लेख काढा. उत्तरं यंत्राने पाठवलेली. एकदा दिलेला लेख परत मिळत नाही, अटी मान्य करताना आपण टिक केली होती. टिक मी केली होती हे खरं. अटी इतक्या लांब असतात की माणूस टिक करणारच.

एका तज्ज्ञाने लिहिलं होतं की नक्कल झाली तर जिथून काढता येईल तिथून काढा. सगळ्या ठिकाणी बघितलं. फक्त एका ठिकाणाहून काढता आला. आपल्या.

जरा शांत झालं की परत टाकू.

२८ मार्च, शुक्रवार.

बायको आज पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, अण्णांचा लेख उघडा, वाचायचाय.

सांगितलं. तिने विचारलं, काढलात तो दुसरीकडे ठेवलाय ना कुठे. तिने तो थेट साइटवरच लिहिला होता, आणि साइट म्हणजेच बॅकअप असं माझं धोरण होतं. तिने टेबलाची कड धरली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर तरी देता आलं असतं.

मग मी कामाला लागलो. हेडमास्तरांकडून सुरुवात घेतली, शेजाऱ्याकडून मधला भाग, हिशेबनीसाकडून शेवट. चरण काढून पाय लावले. तिला वाचून दाखवलं. म्हणाली, अण्णा असे बोलायचे नाहीत. मग ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो. बऱ्याच गोष्टी मी कापल्या होत्या. अण्णा उसवताना शिट्टी वाजवायचे. हिला शेजारी बसवून वेताचं टोक धरायला द्यायचे. ती सांगता सांगता एकदा हसली आणि मग डोळे पुसले.

मी बटण दाबलं. साइटने नाकारलं. हा मजकूर आधीच प्रसिद्ध झालेला आहे, असं आलं. खाली मूळ लेखकाचं नाव होतं. शेजाऱ्याचं.

प्लगइन चांगलं आहे, त्यात दोष नाही. कसं काढतात ते सापडलं नाही. तिने लॅपटॉप मिटला.

३१ मार्च, सोमवार.

खोली सोडली. मेहुणा टेम्पो घेऊन आला, माझ्याशी बोलला नाही. खुर्च्या, वेताची बंडलं, पाण्याची मोठी बादली, सगळं हॉलमध्ये. खिडकीजवळ उजेड चांगला येतो, म्हणून माझं टेबल हलवलं. आता ते बाथरूमच्या दाराशी आहे, वर बादलीचं झाकण ठेवलंय.

कंबर गेली उचलून.

२ एप्रिल, बुधवार.

हॉलमध्ये करण्यासारखं काम तिच्याकडे एकच होतं, माझी खुर्ची. काल सकाळी घेतली. आज दुपारी झाली. मी बसायला पुढे झालो तर हाताने थांबवलं. आधी स्वतः बसली. डोळे मिटले. जरा हलली.

हे मी चाळीस ठिकाणी छापलं होतं. बघितलं आज पहिल्यांदा.

करकर आली. बारीकशी, मला तर ऐकूही आली नव्हती. म्हटलं, चालेल, माझीच तर आहे. ती उठली आणि सगळं उसवायला बसली. शिट्टी वगैरे वाजवली नाही. शेजारचा पाट रिकामा केला, मला बसा म्हणाली, वेताचं टोक हातात दिलं. सोडू नका म्हणाली.

दोनदा सुटलं.