कैलासवासी हा शब्द वगळून

मी, सहदेव अर्जुन घाडीगावकर, वय चौसष्ट, निवृत्त फिटर, राहणार मुलुंड पूर्व, मूळ गाव कणकवली तालुक्यातील, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की भुलवलेले नाही. आमच्या डॉक्टरांनी कालच मला तपासून माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला. त्यांनी झोपेबद्दल विचारले तेव्हा अलीकडे गाढ लागते असे मी सांगितले. ते मला जुने ओळखतात, म्हणून त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहिले.

कलम १. नोकरीतून निवृत्त झालो त्या साली, म्हणजे १९८० मध्ये, मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने रद्द समजावे. त्यात माझे राहते घर मी 'कैलासवासी दत्ताराम बाबाजी धुरी यांच्या विधवा पत्नी शेवंती' यांना दिले होते. कैलासवासी दत्ताराम हे मनोरीला राहतात व त्यांची प्रकृती चांगली आहे. माझे वकील म्हणाले, "वर्णनच खोटं असेल तर उद्या कोणीही उठून हरकत घेईल. नवीन करा." म्हणून हे नवीन.

कलम २. ते वर्णन खोटे कसे ठरले हे लिहून ठेवणे भाग आहे. माझ्यामागे लोक विचारतील, आणि ऐकीव गोष्टी सांगणारे पुष्कळ आहेत.

मुलुंडच्या रानवाट गिरिभ्रमण मंडळाचा मी पहिल्यापासूनचा सभासद. कर्जतच्या पलीकडे सोनधार नावाचा डोंगर आहे. त्याच्या कड्याच्या पोटातून एक वाट जाते, तिला आम्ही आडवी म्हणतो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. पावसाळ्यानंतर ती वाट गवताने बुजते, पाण्याने खचते. दरवर्षी तिच्यातले गवत काढणे, पाणी बाहेर काढून देणे आणि निखळलेले दगड पुन्हा बसवणे हे काम मंडळाने आपणहून अंगावर घेतलेले आहे.

१९७१ सालच्या श्रावणात आम्ही तिथे गेलो. मी लीडर होतो. दत्ताराम धुरी माझा गाववाला, दोस्त, आणि त्या दिवशी सर्वांत शेवटी चालणारा. आडवीवर इतके धुके आले की पुढच्याची पाठ दिसेना. वाट संपते तिथे थांबून, बाकीच्यांना पुढे सोडून मी मोठ्याने हाक मारली, "दत्ताराऽम." मागून "ओ" आली. ती मी माझ्या कानांनी ऐकली. मग आम्ही उतरलो. खाली गावात पोचल्यावर पाहिले तर दत्ताराम नाही.

आम्ही परत वर गेलो. आडवीवर दरीच्या काठाला त्याची थैली पडलेली होती. दरी शोधली. गावकरी आले, पोलीस आले. खालच्या नदीला पूर होता, काहीच सापडले नाही. पंचनाम्यात लिहिले गेले की इसम पाय घसरून दरीत पडला असावा. माझ्या जबानीतल्या त्या "ओ"बद्दल फौजदाराने सगळ्यांना विचारले. बाकी कोणी ती ऐकलेली नव्हती. पुढे वारा होता, पाऊस होता, ते खोटे बोलत नव्हते.

दत्तारामचा थोरला भाऊ धोंडू चौकीच्या दारातच मला म्हणाला, "मेलेला माणूस ओ देतो काय रे? तू हाकच मारली नसशील." तो पुढे वर्षानुवर्षे हेच म्हणत राहिला, लग्नात, बारशात, आमच्या जिन्यातसुद्धा. वाईट याचे, की मलाही हळूहळू ते पटू लागले. ती "ओ" मी नंतर मनाने रचली असेल, असे वाटू लागले. मी लीडर राहणे सोडले आणि कायमचा शेवटी चालू लागलो. उशिरा का होईना, लग्नाचे बोलणे चालले होते ते मीच मोडले. या गोष्टीबद्दल मला कोणाचीही सहानुभूती नको आहे, फक्त नोंद करतो.

शेवंतीवहिनींनी मात्र मला एका शब्दाने बोल लावला नाही. पुढच्या ऑक्टोबरात मंडळ आडवीच्या कामाला निघाले तेव्हा त्या छोट्या मीराला शेजारी ठेवून आमच्याबरोबर आल्या. जागा पाहायची होती. त्यांनी दरीत फुले टाकली, थोडा वेळ बसल्या, मग एका पोराच्या हातातला विळा घेऊन म्हणाल्या, "गवत असं कापतात होय? सरक." तेव्हापासून एकही ऑक्टोबर त्यांनी चुकवलेला नाही. गवत मुळापासून उपटायचे नाही, कारवी तर नाहीच, तीच माती धरून ठेवते, हे आमच्या मंडळाला त्यांनी शिकवले.

कलम ३. या वर्षीच्या जानेवारीत मंडळाची म्हाताऱ्या सभासदांसाठी सोपी सहल निघाली. मार्व्याहून तरीने मनोरी, मग किनाऱ्याने गोराईपर्यंत चालत. शेवंतीवहिनी सर्दीमुळे आल्या नव्हत्या. मनोरीत मी पाणी मागायला एका भाड्याच्या कॉटेजच्या आवारात शिरलो. एक माणूस बादल्या घेऊन विहिरीकडे चालला होता. मी त्याची पाठ पाहिली. उजवा पाय बाहेर फेकून टाकायची ती ढब. डोंगरात माणूस चेहऱ्यापेक्षा चालीवरून जास्त ओळखला जातो.

"दत्ताराम," मी म्हणालो.

त्याने बादल्या खाली ठेवल्या. वळला. मग म्हणाला, "सहदेवा, केस खंय गेले रे तुझे?"

मी विहिरीच्या कठड्यावर बसलो. त्याने पाणी काढून माझ्या ओंजळीत ओतले आणि मी ते प्यायलो. त्याला मारावे, शिव्या द्याव्यात, असे काहीच सुचले नाही. एकच विचारले.

"मी हाक मारली होती. तू ओ दिली होतीस?"

"दिलेलंय," तो म्हणाला. "मुद्दाम दिलेलंय. नाय दिली असती तर तू मागे इलो असतस."

मी त्याला ते पुन्हा म्हणायला लावले. त्याने पुन्हा म्हटले. मला वाटते मी हसत होतो, कारण तो घाबरून मागे सरला.

पुढे त्याने सांगितले ते असे. धुक्यात तो एकटा उभा राहिला. कोणी दिसत नव्हते, कोणाला तो दिसत नव्हता. त्याला बरे वाटले. आधी काही ठरवलेले नव्हते. तो माघारी वळला, माथ्यावरून पलीकडच्या गावात उतरला आणि मग घरी जायचे राहूनच गेले. थैली का टाकलीस, विचारले तर म्हणाला, "तिच्यात शेवंतीनं दिलेलो डबो होतो. तो खात खात पळणा बरा दिसला नसता."

"आणि आम्हाला काय वाटेल, मला काय वाटेल?"

तो खरे बोलला, हे मी त्याच्या बाजूने लिहितो. "शेवंतीचो विचार इलो. मीराचो इलो. तुझो नाय इलो रे."

आतून एका बाईने त्याला जेवायला हाक मारली. तो गेला. मी परतीच्या तरीवर बसलो आणि मंडळींना कळू नये म्हणून समुद्राकडे तोंड करून रडलो. कोणी मेले नव्हते. इतकी वर्षे मी ज्या माणसाला मारले असे समजत होतो, तो माशाची आमटी खायला घरात गेला होता.

कलम ४. त्याच संध्याकाळी मी वहिनींकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी सगळे सांगितले. त्यांचा हात थांबला.

"तब्येत कशी आहे त्यांची?"

"बरी आहे."

"बाई आहे?"

"आहे."

त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "म्हणजे त्या दरीत कोणीच नव्हतं. मग मी एवढी फुलं कोणाला वाहिली, भावजी?" मग त्याच म्हणाल्या, "जाऊ दे. डोंगराला वाहिली. तुम्ही आता घरी जा आणि झोपा. तुमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं मला इतकी वर्षं."

दुसऱ्या दिवशी त्या कुंकू लावून बाहेर पडल्या. जिन्यात बायकांनी विचारले तेव्हा म्हणाल्या, "मला आवडतं म्हणून लावलं. त्यांच्यासाठी नाही." पोलिसांकडे जायचे नाही हे त्यांनीच ठरवले. घटस्फोटाचा अर्ज न्यायालयात आहे. दत्तारामने सही दिलेली आहे. मीरा एकदा मनोरीला जाऊन त्याला भेटून आली. "साधा माणूस आहे," एवढेच म्हणाली. "मी त्यांना काका म्हटलं."

कलम ५. माझे मुलुंड येथील सोसायटीतील घर, त्यातील भांडीकुंडी, कपाट, पंखा व गॅससह, मी शेवंती धुरी यांना देतो. त्या कोणाच्या पत्नी, विधवा अथवा आणखी कोणी आहेत म्हणून नव्हे, तर त्या शेवंती आहेत म्हणून. घटस्फोटाचा निकाल कसाही आणि केव्हाही लागो, या घरावर दत्ताराम धुरी, धोंडू धुरी किंवा त्यांचे वारस यांचा कोणताही हक्क राहणार नाही. वकिलांनी हे वाक्य अधिक लांब करून दिले होते, मी छोटे केले.

आमच्या दोघांत काय आहे, असे सोसायटीत विचारले जाते. ऑक्टोबरचे रविवार आहेत. पुढे आणखी काही असल्यास ते आम्ही ठरवू आणि त्याची नोंद या कागदात करण्याचे कारण नाही.

कलम ६. पोस्टातील माझी बचत मीरा दत्ताराम धुरी हिला. ती घाटकोपरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला आहे, तिला पैशाची गरज नाही असे ती सांगते. तरीही घ्यावी. गावच्या घरातील माझा हिस्सा पुतण्या सूर्यकांत याला. फणसाचे झाड तोडू नये.

कलम ७. माझी हत्यारे, म्हणजे दोन पहारी, कुदळी, फावडी, कोयते, घमेली आणि दोर, रानवाट मंडळाला. पहारी मी कारखान्याच्या भट्टीत स्वतः पाजवलेल्या आहेत, त्यांनी नारळ फोडू नयेत. पावसाळ्याआधी पात्यांना तेल लावावे. दगड बसवण्याआधी पाण्याला वाट काढून द्यावी, आधी दगड आणि मग पाणी असे करू नये, खालचा सगळा बांध जातो. कातळावर रंगाने बाण काढू नयेत. हे शेवटचे वाक्य श्यामकांत यांच्यासाठी. ते मंडळाचे अध्यक्ष आहेत, प्रामाणिक गृहस्थ आहेत, म्हणूनच या मृत्युपत्राची अंमलबजावणी मी त्यांच्यावर सोपवतो. परंतु त्यांच्या घरातला ऑइलपेंटचा डबा आधी टाकून द्यावा.

आडवीच्या तोंडाशी दत्तारामच्या नावाचा दगड आम्ही बसवला होता. गेल्या महिन्यात कामाला गेलो तेव्हा तो काढून फेकून द्यायला पोरे निघाली. शेवंती म्हणाली, "दगड चांगला आहे, वाया कशाला घालवता?" जिथे पाण्याने पायरी खचली होती तिथे तो नाव खाली, पाठ वर असा बसवला. भक्कम बसला आहे. तो हलवू नये.

कलम ८. धोंडू बाबाजी धुरी यांस माझ्याकडून काही नाही. जूनमध्ये ते माझ्या दारात आले होते. मी आत बोलावले, ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून, जोड्यांकडे बघत म्हणाले, "ओ दिली होती म्हणे त्यानं." मी म्हटले, "दिली होती." ते म्हणाले, "माझ्या तोंडून फार गेलं." मी चहा विचारला, ते नको म्हणाले आणि जिना उतरून गेले. यांस माझ्याकडून काही नाही, आणि मनातही काही नाही. मालमत्ता वाटून झाल्यावर हे लिहिता आले, याने मला फार हलके वाटते.

कलम ९. मी अजून मंडळाबरोबर जातो आणि पाय चालतात तोवर जाईन. यंदापासून मंडळाची लीडर मीरा आहे. तिने मला शेवटून काढून मधे चालायला लावले आहे, आणि मी ऐकतो.

मला डोंगरात मरण आले, पाय घसरून, छातीत कळ येऊन अथवा कोणत्याही प्रकारे, तर त्या दिवशी जो कोणी लीडर असेल त्याच्यावर किंवा तिच्यावर माझी तक्रार नाही, हे आजच, शुद्धीवर असताना लिहून देतो. हा कागद पोलिसांना दाखवावा. माझ्या नातेवाइकांपैकी कोणीतरी त्याच संध्याकाळी लीडरच्या घरी जावे. दारात उभे राहू नये, आत जावे. त्याला किंवा तिला जेवायला लावावे, आणि झोप लागेपर्यंत जवळ बसावे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला आणि तो मला मान्य आहे. शेवंती यांना यातून लाभ असल्यामुळे सही करताना त्या हजर नाहीत, त्या खाली भाजी आणायला गेल्या आहेत.

सही: सहदेव अर्जुन घाडीगावकर

आमच्या दोघांच्या समक्ष वरील गृहस्थांनी हसतमुखाने व शुद्धीवर असताना सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही साक्षीला सह्या केल्या.

साक्षीदार:
डॉ. चंद्रप्रकाश विष्णू राजाध्यक्ष, मुलुंड पूर्व
शांताबाई धोंडिराम कांबळे, निवृत्त बालवाडी शिक्षिका, शेजारी

मुलुंड, मुंबई
सोमवार, दिनांक २४ नोव्हेंबर १९८६