पडद्यावरच्या हिरव्या रेघा

बाबा,

आज दुपारी दुकानात एक मुलगी आली होती. ॲनिमेशन शिकते. तिच्या पडद्यावर हिरव्या उभ्या रेघा येत होत्या आणि तिला नवा मॉनिटर हवा होता. मी तिचा कॉम्प्युटर आपल्या मॉनिटरला जोडून पाहिला. रेघा तिथंही आल्या. मग तिला समजावलं, चित्र तयार होतं ते आत, ग्राफिक्स कार्डात. बिघाड तिथंच आहे. बोलताना तुमची आठवण झाली. कॉलेजात असताना अशाच रेघा बघून मी एका गिऱ्हाइकाचा चांगला मॉनिटर खोलून बसले होते. तुम्ही केवढे ओरडलात! "पडदा बिचारा जे येते तेच दाखवते. त्याले काहून खोलून राहिली? आधी दुसरा लावून पाह्य!" मग राग ओसरल्यावर शेजारी बसवून शिकवलंत. रिझोल्यूशन म्हणजे पडद्यावर आडवे-उभे किती ठिपके, रिफ्रेश रेट म्हणजे ते चित्र सेकंदाला किती वेळा नव्यानं काढलं जातं. "साठ वेळा काढते, पण आपल्याले वाटते जागीच हाय."

मुलगी निघता निघता म्हणाली, "ताई, तुमाले एवढं येते, मंग तुमी पुण्याले काहून नाही गेल्या?" मी सहज बोलून गेले, "बाबांनं जाऊच नाही देलं."

हे मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. खरं तर ग्राफिक्स कार्ड तपासायच्या पुण्यातल्या नोकरीसाठी बडनेऱ्याला गाडीत तुम्हीच बसवून दिलंत. तुमचा बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच माझ्या हातात दिलात आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहिलात. गाडी सुटली. तिथले लोक, त्यांचं इंग्रजी, परकी खोली, काहीच झेपणार नाही असं वाटलं. मी अकोल्याला उतरले. आठ दिवस आत्याकडे राहिले आणि घरी येऊन सांगितलं, त्यांनी ती जागा दुसऱ्याला दिली. तुम्ही काही विचारलं नाही. टेबलावरचं सामान सरकवून माझ्यासाठी अर्धी जागा केलीत. त्या अर्ध्या जागेत मी बसले ती आजही बसलेय. तुम्ही गेल्यापासून पूर्ण टेबल माझं आहे, पण श्वास घ्यायला जागा नाही.

मागच्या महिन्यात आत्या म्हणाली, मी उतरले त्याच दिवशी तिनं तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, "तिले काही इचारू नको. घरी यायची लाज नाही वाटली पाह्यजे तिले." ऐकून मी रडले, आणि मग तुमचा रागही आला. एकदा तरी ओरडायचं होतंत, बाबा. मॉनिटरसाठी ओरडलात तसं.

हा कागद मी आत्यालाही दाखवणार नाही. कारण एक गोष्ट तिलाही माहीत नाही. त्या पुण्याच्या लोकांनी वर्षभरानं पुन्हा बोलावलं होतं. मी तुमच्या शेजारीच बसले होते, आणि फोनवर त्यांना सांगितलं, बाबा नको म्हणतात.