बदरुद्दीनचाचांचं मरण

अल नहदा, शारजा
८ सप्टेंबर २०२४

चि. सुजीत यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर ओरडले असते, म्हणून लिहितेय. तू दोनदा ओहायोच्या विधानसभेत निवडून आलास तेव्हा मी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले होते. आता तिथल्याच राज्य सिनेटला उभा आहेस, म्हणून शुभ्राने काल तुझं भाषण टीव्हीवर लावलं. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले होते.

तू सांगितलंस की तुझे वडील दुबईत मजूर होते आणि परांचीवरून पडून गेले. टाळ्या पडल्या. शुभ्रा विचारत राहिली, आजोबा तर इथे बसलेत, मग हाउ इज ही डेड?

अरे, बाबा दुबईच्या देरा भागातल्या ट्रेडिंग ऑफिसात अकाउंटंट होते. पडले ते त्यांच्या खोलीतले बदरुद्दीनचाचा. सुट्टीत आलास की तुला खांद्यावर घेऊन धक्क्यावरची गलबतं दाखवायचे, ते. त्यांचं मरण उचलून तू बाबांच्या अंगावर घातलंस!

बाबा जेवायलाही उठले नाहीत.

उत्तराची वाट पाहणारी,
ताई

कोलंबस
१२ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

पहिल्या निवडणुकीत एका सभेत तोंडून निघून गेलं. लोक रडले. मग मागे घेता आलं नाही. पण त्याच गोष्टीवर मी बांधकामावरच्या साइट सेफ्टीचं बिल मांडलं आणि ते पास झालं. त्यानं माणसं वाचतायत, ताई.

आता कबूल केलं तर सगळं खलास. एक पत्रकार चौकशी करतोय. फोन आला तर बाबांना देऊ नकोस. एवढंच कर.

रागावून का होईना, आपला म्हण.
सुजीत

शारजा
१ डिसेंबर

चि. सुजीत,
आशीर्वाद.

जिंकलास. आता ऐक. ऑक्टोबरात त्या पत्रकाराचा फोन आला तेव्हा मी दुबईहून येताना ट्रॅफिकमध्ये अडकले होते. बाबांनी घेतला. आपण सुजीतचे काका, भाऊ कधीच गेला, असं सांगितलं. कसा गेला विचारल्यावर बदरुद्दीनचाचांची सगळी हकीकत सांगितली, फक्त नाव स्वतःचं घातलं. मी घरी आले तर हुंदके देत होते. ज्याला स्वतः दफन केलं, त्याचं नाव त्यांना घेता आलं नव्हतं.

आणि आता तू निरोप पाठवतोस की शपथविधीला बाबांना काका म्हणून पहिल्या रांगेत बसवतो? बाबा शेजारीच होते. मी वाचून दाखवला.

शुभ्रा ठीक. बाकी काय लिहू.
ताई

शारजा
९ डिसेंबर

चि. सुजीत,
आशीर्वाद.

या वेळी मी स्वतः लिहितोय. शपथविधीला मी येणार नाही. काकाशी तू हात मिळवशील. वाकून नमस्कार करणार नाहीस. ते मला सोसवणार नाही.

परवा अजमानला बदरुद्दीनच्या मुलाकडे, यूनुसकडे गेलो. तू काय केलंस आणि मी काय केलं, दोन्ही सांगितलं. मग त्याने विचारलं, ज्या कायद्यासाठी अब्बांचं मरण वापरलं, तिथे कुणाला त्यांचं नाव तरी ठाऊक आहे का?

काल त्याला शेजारी बसवून मी त्या पत्रकाराला फोन केला. आधी बदरुद्दीनचं नाव सांगितलं. मग माझं. मी जिवंत आहे, हे शेवटी.

तुझं काय होईल ते मला कळतं. तरी केलं. चिडून फोन केलास तरी चालेल. फक्त बाबा म्हणून हाक मार.

तब्येत सांभाळ.
तुझे बाबा