सतरा दिवसांच्या बाळाचा ताप

९ ऑक्टोबर

बाळ तापलंय! सतरा दिवसांचं पोर. सकाळपासून दूध ओढत नाही. आईनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. "बघ गो, ठसको येवक नाय. दिष्टच ती!" ताप काय मिरच्यांना घाबरतो? पण माहेरी बाळंतपणाला आलेल्या मुलीचं कोण ऐकतं!

१० ऑक्टोबर

ताप १०२. सासरी सुदेशला फोन केला. तो मालवणहून निघाला तो थेट रिक्षा घेऊनच आला. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचलो. बाळ काचेच्या पेटीत. मला नुसतं बघायचं.

११ ऑक्टोबर

मलेरिया! एवढ्याशा पोराच्या रक्तात!

डॉक्टरबाईंनी विचारलं, "गरोदरपणात ताप आला होता?" आला होता. आठव्या महिन्यात. गावच्या आशाताईनं रक्त तपासून तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. "पूर्ण घेतल्या?" मी पदरानं पेटीची काच पुसायला लागले. सुदेश माझ्याकडे बघत राहिला.

आई पुढे झाली. "मियाच बंद केलंय. पोटातल्याक गरम पडतीत म्हणान."

सुदेश ओरडला, "तुमी माझा पोर मारूक निघालास!" सगळा वॉर्ड बघत होता. आईचं असंच असतं, जुनी खुळं डोक्यात. तेव्हापासून ती बाहेरच्या बाकावर बसून आहे.

१२ ऑक्टोबर

रक्त चढवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, जंतू तुमच्याच रक्तातून बाळात गेले. पण त्यांच्याशी लढायची ताकदही तुमचीच मिळालेली, म्हणून इतके दिवस ताप दिसला नाही. ती आता सरली. त्याची स्वतःची अजून तयार व्हायचीय.

म्हणजे आईची शिदोरी सतराच दिवस पुरली. पेटीजवळ उभी राहून खूप रडले.

१३ ऑक्टोबर

ताप आहेच. देवा, याला नेऊ नको.

१४ ऑक्टोबर

ताप उतरला! चमच्यानं दूध घेतलं.

सुदेश म्हणाला, इथून थेट मालवणला जायचं. "तुझ्या आवशीन परत माझ्या पोराक शिवाचा नाय." आईनं ऐकलं. गोधडीची घडी केली नि एसटीला गेली. मी थांबवलं नाही.

१५ ऑक्टोबर

आईनं काही बंद केलं नव्हतं. तिन्ही दिवस ती पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहायची. मी गोळी गालात धरायचे नि मोरीत थुंकायचे. मोरीतली गोळी बघून ती रडलीसुद्धा होती. मला कुणीतरी सांगितलं होतं, गोळ्यांनी पोर काळं होतं.

वहीतही खोटं लिहिलं.

सुदेश डबा घेऊन आलाय. त्याला अजून सांगितलेलं नाही.