समोरच्याने वाचायचा फासा

रविवार, ११ फेब्रुवारी

प्रिय नकाशेसाहेब,

नमस्कार. वहिनी, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून तुम्हालाही नमस्कार. पुढे तुमचा उल्लेख येईल. त्यात तुमची चूक काही नाही, तेव्हा न अडखळता वाचा.

इकडे सगळं ठीक आहे. गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. काम भरपूर आहे. परवा एक निवृत्त पोस्टमन कवळीच्या मापासाठी आले. म्हणाले, पुढचा एक दात वाकडाच बसवा, आधी तसाच होता, नाहीतर बायको म्हणेल हा कोण आणलाय. तीन दिवस खपून मी तो दात पाहिजे तसा वाकडा केला. सरळ दात बसवायला इतका वेळ लागत नाही.

मागच्या खोलीतलं टेबल तू सोडून गेलास तसंच आहे. आज पाचवा रविवार. सैनिकांवर धूळ बसते, ती मी कवळ्या साफ करायच्या मऊ ब्रशने झटकतो. आज सकाळपर्यंत जागचं कुणाला हलवलं नव्हतं.

वहिनी, तुम्ही यांना सोडायला-न्यायला यायचात, पण आमच्या खेळात कधी लक्ष घातलं नाहीत, म्हणून चार ओळी तुमच्यासाठी. अंगठ्याएवढे शिशाचे सैनिक, लाल फौज यांची, निळी माझी. टेकड्या माझ्या कवळ्यांच्या प्लास्टरच्या, नदी यांनी आखलेली. जन्मभर नकाशे काढलेला माणूस, नदी कुठे वळेल यावरून माझ्याशी आठवडाभर भांडला होता. फौज किती पुढे जाणार ते टेपने मोजायचं, चकमक कोण जिंकणार ते फाशावर ठरायचं. एक लढाई चार-पाच रविवार चालते. एकोणीस वर्षांपूर्वी अशाच एका मापावरून आमचं कडाक्याचं वाजलं, आणि तेव्हापासून नियम झाला: ज्याची चाल, त्याने टेप धरायची नाही आणि फासा वाचायचा नाही. दोन्ही समोरच्याने करायचं. समोरचा कशाला तुमच्या बाजूने खोटं बोलेल?

तर मित्रा, त्या दिवशीचं. तुझं घोडदळ पुलावर होतं. चार किंवा जास्त पडले तर पूल तुझा. तू फासा टाकलास, मी वाकून पाहिलं आणि पाच म्हणालो. तेवढ्यात वहिनी तुला न्यायला आल्या आणि सहज म्हणाल्या, “भावोजी, दोनच आहेत की.”

तू फासा उचललास आणि त्यावर बोट फिरवत राहिलास. वीस वर्षं घासून गुळगुळीत झालेला तो फासा, बोटाला काय कळणार? मग विचारलंस, “कधीपासून?”

मी म्हणालो, “आजच रे. चुकून.”

दारात चपला पायाने चाचपत तू म्हणालास, “अरे, निदान हरू तरी दे मला नीट.”

चुकून नव्हतं, आणि आजचंही नव्हतं. हे लिहायला मला पाच रविवार लागले. तोंडावर सांगायचा धीर झाला असता तर पत्राची गरजच नव्हती.

गेल्या मे महिन्यात तू ओळीने तिसरी लढाई हरलास. ठिपके दिसेनासे झाले होते, लाल कुठे संपतं आणि टेकडी कुठे सुरू होते ते तू हाताने चाचपून पाहायचास. तेव्हा तू म्हणालास, “आता आवरू या खेळ.” मी हसण्यावारी नेलं. जूनपासून मी तुझे फासे वाढवून वाचू लागलो. दोनाचे चार, तिनाचे पाच. टेपही कधीकधी बोटभर पुढे धरली. त्यानंतरच्या चारही लढाया तू जिंकलास. चौथी जिंकलीस तेव्हा इथूनच लेकीला फोन लावलास आणि तिला सगळा मोर्चा समजावून सांगितलास. मी शेजारी बसून मान डोलावत होतो. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्यातली एखादी लढाई तू खरीच जिंकला असशील. तिसऱ्या लढाईत टेकडीमागून आलास ती चाल तर फर्मासच होती. पण कुठे खरं पडलं होतं आणि कुठे मी वाढवलं, हे आता माझं मलाच सांगता येत नाही. तुझा खरा विजयसुद्धा मी नासवला.

तुझी कीव आली म्हणून केलं असं तुला वाटत असणार. तसं नाही. भीती होती, आणि ती माझी होती. ही गेल्यापासून माझ्या दारावर ठरल्या वेळी टकटक करणारा तू एकटाच आहेस. तू हरत राहिलास तर यायचा थांबशील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुला विचारायचं मात्र सुचलं नाही.

सोबतच्या डबीत फासा आहे. ठिपक्यांच्या जागी दातांच्या मसाल्याचे बारीक दाणे उठवलेत, बोट फिरवलंस की कळतील. पहिले दोन बिघडले. सहा दाण्यांची बाजू जड होऊन खाली बसायची आणि वर सारखा एकच यायचा. हा तिसरा शंभरदा टाकून पाहिलाय, सगळे आकडे पडतात. टेपवरही बोटाबोटाच्या अंतरावर गाठी उठवल्यात.

नियम बदलू या. ज्याने टाकला त्यानेच वाचायचा. तू पाच म्हणालास तर मी पाच धरीन, वाकून बघणार नाही.

पुलावर मात्र दोन पडले होते. आज सकाळी तुझे सातही घोडेस्वार मी पुलावरून उचलले आणि इथल्याच बाद सैनिकांच्या डब्यात ठेवले. पूल गेला आहे, डावी बाजू उघडी पडली आहे, आणि माझी तोफ टेकडीवर आहे. ही लढाई बहुतेक तू हरणार. पुढच्या रविवारी ये. मी गय करणार नाही.

तुझा हक्काचा शत्रू,
कवळीवाला